बिडाचं टेबल

पावसाळ्यात माझी सकाळ चहाने सुरू होत नाही. आधी खाली पार्किंगमध्ये जायचं, कोपऱ्यातल्या रंधा मशीनवरची जुनी सुती चादर बाजूला करायची आणि टेबलावरून तळहात फिरवायचा. हात कोरडा आला तर बरं. ओलसर लागला, तर कोरड्या फडक्याने पुसून वर मेणाचं फडकं फिरवायचं. रात्रभर गार झालेला लोखंडाचा एवढा मोठा ठोकळा सकाळच्या दमट हवेत चटकन तापत नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटावं, तसं त्याला सुटतं. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी तांबूस शिंतोडे उमटलेले दिसतात.

इमारतीतल्या एका वहिनींनी परवा विचारलं, "एवढं पुसत बसण्यापेक्षा न गंजणारं का नाही हो घेतलंत?" जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. न गंजणारं मी आधी घेतलं होतं.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा आला तो स्वयंपाकघरात. आजीकडे बिडाचा तवा होता. धिरडी त्याच्यावरच व्हायची. तापायला वेळ घ्यायचा, पण एकदा तापला की शेवटचं धिरडं होईपर्यंत त्याची आच ढळायची नाही. एके दिवशी तो मोरीतल्या शहाबादी फरशीवर पडला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. लोखंड फुटतं, हे मला तेव्हाच कळलं. बाबांनी एक तुकडा उचलून तुटलेली कड दाखवली. राखाडी, खरबरीत, कणीदार. तिच्यावर बोट घासायला लावलं. बोट काळं झालं. "हे तुझ्या शिसपेन्सिलीतलंच," ते म्हणाले.

खरंच तेच होतं. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो, पोलादाच्या कितीतरी पट. रस हळूहळू निवताना हा जास्तीचा कार्बन लोखंडात मावत नाही आणि ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होऊन आतच अडकून राहतो. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं. हे पापुद्रे म्हणजे लोखंडाच्या पोटातल्या असंख्य बारीक चिराच. तवा फुटला तो त्यांच्यामुळे. पण थरथर जिरवतात तेही तेच. पोलादाच्या जाड पट्टीवर हातोडी मारा, ती बराच वेळ घुमत राहते. बिडावर मारली तर आवाज येतो आणि तिथेच विरतो. मोटर, पट्टा आणि फिरती पाती मिळून मशीनला जो कंप देतात, तो लाकडापर्यंत पोचायच्या आत टेबलातच बराचसा मुरतो. ताणलं तर बीड लवकर तुटतं, पण दाब मात्र त्याच्या तिप्पट-चौपट सोसतं. टेबलाला जन्मभर करायचं असतं ते दाब सोसायचंच काम.

मला हे सगळं कळायला पन्नाशी गाठावी लागली. मी शाळेत गणित शिकवते. सुतारकाम हा माझा सुट्टीतला छंद. हातरंधा, पटाशी, गुण्या एवढ्यावर बरीच वर्षं भागलं. मग मुलीसाठी पुस्तकांचं कपाट करायला घेतलं आणि सागवानाच्या बारा फळ्यांच्या कडा हाताने सरळ करता करता खांदा धरला. तेव्हा टेबलावर ठेवता येईल असा सहा इंची छोटा, विजेवर चालणारा रंधा घेतला. अ‍ॅल्युमिनियमचं टेबल, वजन साडेअठरा किलो, दिसायला देखणा. एकटीला उचलता येत होता, याचंच मला तेव्हा अप्रूप होतं.

फळ्यांच्या कडा त्याच्यावरून काढल्या. कडा गुळगुळीत निघाल्या. दोन फळ्या कडेला कड लावून उजेडात धरल्या, तर टोकांना त्या चिकटलेल्या आणि मधोमध व्हिजिटिंग कार्ड सहज शिरेल एवढी फट. मला वाटलं हात नीट सरकला नसेल. पुन्हा काढल्या, फट तेवढीच. शेवटी क्लॅम्पने आवळून, फेव्हिकॉल लावून बसवल्या. मार्चच्या उन्हात लाकूड सुकलं आणि तीन फळ्या मधोमध उकलल्या.

मग सरळपट्टी ठेवून मोजलं. मशीनच्या दोन्ही टेबलांची, म्हणजे पात्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, बाहेरची टोकं मधल्या भागापेक्षा खाली झुकलेली होती, एका बाजूला पॉइंट आठ मिलिमीटर. रंधा मशीन आपली चूक उलटी करून फळीवर उतरवतं. टेबल मधे फुगीर असेल तर कड मधे खोलगट निघते, टेबल मधे खोल असेल तर कड फुगीर. आणि दोन फळ्या जोडताना चूक दोन्हीकडून येते, म्हणजे दुप्पट होते. विक्रेत्याला फोन केला. "लाकडाच्या कामाला एवढं चालतं मॅडम," असं उत्तर आलं. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. अ‍ॅल्युमिनियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. रोज गाडीत टाकून साइटवर न्यायच्या मशीनला ते हवंच. पण पातळ ओतलेलं, खाली नावापुरत्या बरगड्या असलेलं टेबल एका जागी राहणाऱ्या मशीनला लावायचं आणि वर "चालतं" म्हणायचं, यात गिऱ्हाइकाच्या मेहनतीची किंमत कुणीच धरलेली नसते. उकललेलं कपाट मी पुन्हा केलं. त्यात माझे चार रविवार गेले.

बाबांना दाखवलं. ते आता एकोणऐंशीचे आहेत. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी स्क्रेपिंग केलं. म्हणजे मशीनचे बिडाचे पृष्ठभाग हाताने, स्क्रेपरने खरवडून सपाट करायचे. जुनी चपटी कानस घासून केलेला त्यांचा स्क्रेपर अजून कपाटात आहे. सपाट प्लेटवर निळा रंग पुसट लावायचा, ती पृष्ठभागावर घासायची, निळे ठिपके उमटतात ते उंचवटे, तेवढेच खरवडायचे, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. एका चौरस इंचात वीस-पंचवीस ठिपके सारखे उमटेपर्यंत. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांत निळा आणि काळा असे दोन्ही रंग असायचे.

ते नेहमी तीन प्लेटची गोष्ट सांगत. मुळात कुठलीच सपाट वस्तू हाताशी नसेल, तर पहिली सपाट वस्तू करायची कशी? दोन प्लेट एकमेकींशी तंतोतंत जुळवल्या तरी त्या सपाट असतील असं नाही. एक वाटीसारखी खोल आणि दुसरी तिच्यात बसेल अशी फुगीर असू शकते. तिसरी आणली की मात्र हे चालत नाही. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी, आणि पीळ राहू नये म्हणून मधून मधून आडवी फिरवूनही. सगळ्या जोड्या जुळायला एकच वाट उरते, ती म्हणजे तिन्ही सपाट. "दोघी मिळून खोटं बोलू शकतात गं, तिघींना नाही जमत," असं बाबा म्हणायचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे हीच गोष्ट निबंध वाचून मांडली होती. त्याचा आग्रह असा की प्लेट एकमेकींवर पूड टाकून घासू नयेत, खरवडाव्यात, कारण घासताना आपल्याला हवी तिथली धातू जात नाही, वाटेल तिथली जाते. बाबांनी व्हिटवर्थचं नाव माझ्याकडून ऐकलं. रीत त्यांच्या हातात आधीपासून होती.

मी वर्गात बिंदू, रेषा आणि प्रतल शिकवते. पुस्तकात त्यांची व्याख्या देत नाहीत, ते मूलभूत संबोध मानतात. फळ्यापाशी उभं राहून 'प्रतल' म्हणताना मला आता बाबांची निळी नखं आठवतात.

गोदावरीला पूर आला की नाशकात कुणी क्युसेकचा आकडा विचारत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, ते विचारतात. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. मारुती हलत नाही म्हणून पाणी मोजता येतं. त्या छोट्या रंध्यापाशी माझं नेमकं हेच हरवलं होतं. फळी चुकली की हात चुकला, पातं चुकलं की टेबल, हे ठरवायला काहीच स्थिर उरलं नव्हतं. छंद म्हणून काम करणाऱ्याकडे गुरू शेजारी उभा नसतो. चूक कुठली ते त्याला मशीनशी एकट्यानेच ताडून पाहावं लागतं, म्हणून त्याच्या मशीनचं टेबल तरी संशयाच्या बाहेर हवं. चांगलं टेबल व्यावसायिकाला लागतं, हौशी माणसाला काय करायचंय, असं दुकानात ऐकलं की मला म्हणूनच राग येतो.

"नवं बघू नकोस, जुनं बघ," बाबा म्हणाले. कारण त्यांच्या तोंडूनच ऐका. "ओतलेलं बीड सगळीकडून एकदम निवत नाही. पातळ बरगडी आधी निवते, जाड भाग मागाहून. एकमेकांना ओढत राहतात. तसंच गरम-गरम मशीनवर चढवून घासलं, की आज सपाट आणि सहा महिन्यांनी वाकडं. आमच्याकडे पूर्वी कास्टिंग आवारात उघड्यावर टाकून ठेवायचे, ऊन-पाऊस खात. नंतर भट्टीत घालायला लागले. चाळीस वर्षांच्या जुन्या टेबलाचं जे काय वळायचं होतं ते वळून झालंय." भट्टी म्हणजे साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत सावकाश तापवून तितक्याच सावकाश निववणं, असं मी नंतर त्यांच्याकडून समजून घेतलं. हे नीट करणारे कारखाने आजही आहेत, पण विकत घेताना ते केलंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. जुन्याचं वाकणं तरी मोजता येतं.

नाशिकमधल्या अंबडला भंगाराच्या गोडाऊनमध्ये आम्ही तीन मशीनं पाहिली. बाबांच्या पिशवीत टॉर्च, लाकडी हातोडी, फिलर गेज (फट मोजायची ठराविक जाडीची पातळ पाती), कापडात गुंडाळलेली सरळपट्टी आणि सारख्या जाडीच्या दोन सागवानी पट्ट्या. सरळपट्टीची परीक्षा त्यांनी घरीच घ्यायला लावली होती. कागदावर तिच्या कडेने रेघ ओढायची, पट्टी उलटी करून तिथेच दुसरी ओढायची. रेघा एकमेकींवर बसल्या तर पट्टी खरी.

पहिल्या मशीनचं टेबल आरशासारखं होतं. मी खूश झाले. बाबांनी टॉर्च आत धरला आणि लगेच मागे झाले. पाती बसवायचा ब्लॉक चौकोनी होता. "ह्याला हात नाही लावायचा." चौकोनी ब्लॉकच्या आणि टेबलाच्या मधे एवढी पोकळी राहते की बोट घसरलं तर आत ओढलं जातं, गोल ब्लॉकमध्ये ती जागाच नसते, इजा झाली तरी बहुधा थोडक्यात निभावते. आमच्या जुन्या गल्लीतल्या सुतारांची दोन बोटं अशाच ब्लॉकने नेली होती. जुनं घेणाऱ्या प्रत्येकाने टेबलाच्या आधी ब्लॉक बघावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. बिडाच्या प्रेमात पडून तो विसरू नये.

दुसऱ्याच्या टेबलाखाली बाबांनी हात घातला, बरगड्या चाचपल्या. एका बरगडीवर वेल्डिंगची गाठ लागली. बीड वेल्ड करणं अवघड असतं, आधी तापवून, निकेलचा रॉड वापरून, नंतर हळूहळू निववून केलं तर कुठे टिकतं. आम्ही पुढे गेलो.

तिसरं नऊ इंची होतं, वर गंजाचा लालसर थर आणि कबुतरांची घाण. ब्लॉक गोल. बाबांनी लाकडी हातोडीने टेबल ठिकठिकाणी वाजवलं. मडकं घेताना आई वाजवायची, अगदी तसं. आवाज सगळीकडे सारखा, आखूड आणि स्वच्छ. मग फळी टेकवून सरकवायची ती उभी पट्टी, फेन्स, वाजवली. ती 'खर्र' वाजली. टॉर्चमध्ये पाहिलं तर वरपासून खालपर्यंत केसासारखी चीर. टेबलावर मी सरळपट्टी ठेवली, लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. सर्वांत वाईट जागी फिलर गेजचं पॉइंट दोनचं पातं शिरलं, पॉइंट तीनचं नाही. दोन टोकांना सागवानी पट्ट्या ठेवून एका डोळ्याने त्यांच्या कडा जुळवल्या, पीळ नव्हता. फेन्स गेलेली, मोटर थ्री फेजची, त्यामुळे सौदा बावीस हजारांत झाला. भंगाराच्या काट्यावर मशीन दोनशे वीस किलो भरलं.

या वजनाबद्दल जरा सांगायला हवं. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि एक जाड अशी बिडाची नुसती प्लेट सव्वासतरा किलोच्या आसपास भरते, अ‍ॅल्युमिनियमची साडेसहा. छोट्या रंध्यावर चार फुटी फळी पुढे सरकली की मशीन मागून उचलायला बघायचं आणि मी नकळत फळी वर धरायची. नव्या मशीनवर फळीचं वजन मशीनला कळतसुद्धा नाही.

छोट्या हत्तीतून ते घरी आलं, चार माणसांनी उतरवलं. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, हे माझ्या लक्षात नव्हतं. चारही पाय बोल्टने आवळले आणि मोजलं, तर गोडाऊनमध्ये नसलेला पीळ टेबलात आला होता. एवढं जाड बीड आणि तेही बोल्टने पिळलं जातं! बाबांनी बोल्ट ढिले करायला लावले. "आधी त्याला आपल्या पायांवर उभं राहू दे." पायांखाली पत्र्याच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातल्या, कुठलाच पाय डुगडुगेना झाल्यावर बोल्ट नुसते टेकवले. पीळ गेला. सिंगल फेजची दोन हॉर्सपॉवरची मोटर आणि ब्लॉकवरचं गार्ड नवं बसवलं. रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर यांनी गंज दोन दिवसांत निघाला. खाली राखाडी, थोडे खड्डे पडलेलं, पण शांत असं टेबल होतं. खड्ड्यांनी काही बिघडत नाही, फळी उंचवट्यांवरून सरकते.

त्या पॉइंट दोनने मला मात्र काही दिवस छळलं. टेबल ग्राइंडिंगला टाकायचा माझा विचार होता. ज्या माणसाने आयुष्यभर मायक्रॉन मोजले, तोच माणूस मला अडवत होता. "तू काय लेथ करणारेस? तुझी फळीच पावसाळ्यात फुगणार." हिशेब केला. एक फूट रुंदीची सागवानी फळी नाशिकच्या मेपासून ऑगस्टपर्यंत एक-दीड मिलिमीटर सहज हलते. तिच्यासाठी पॉइंट दोन ठीक आहे, पॉइंट आठ नाही, आणि तेही ब्लॉकच्या जवळच्या भागात तर त्याहून कमी हवं. ते तिथे होतं. मशीन सुरू केलं, दोन कडा काढल्या, एकीवर एक ठेवून ट्यूबलाइटकडे धरल्या. उजेड आला नाही.

सांभाळायचं कसं, हे मी चुकत शिकले. पहिल्या पावसात प्लॅस्टिक टाकलं होतं, त्याच्याखाली वाफ कोंडून जास्तच गंजलं. सुती चादर बरी. घसरण्यासाठी सिलिकॉनचा स्प्रे मारू नये, तो लाकडात जातो आणि पुढे पॉलिश तिथे धरत नाही. साधं मेण उत्तम. आणि ओली बाभूळ टेबलावर रात्रभर ठेवू नये. बाभळीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईच होते. माझ्या टेबलावर एका फळीच्या आकाराचा निळसर काळा डाग आहे, तो मी घालवलेला नाही.

फेन्सचं काम राहिलं होतं. काही महिने सागवानाची जाड पट्टी बोल्टने लावून चालवलं, पण पावसात ती वाकायची. बाबांचे जुने सहकारी, पॅटर्न करणारे काका, एका रविवारी आले. मशीन बघून म्हणाले, "पॅटर्न तूच कर, ओतून मी आणतो."

बिडाची प्रत्येक वस्तू आधी लाकडाची असते, हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण कधी केलं नव्हतं. लाकडी पॅटर्न वाळूत दाबतात, काढून घेतात, उरलेल्या पोकळीत रस ओततात. निवताना बीड आक्रसतं, म्हणून पॅटर्न मोठा करायचा. किती, ते काकांनी सुताराच्याच मापात सांगितलं: "फुटाला एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझी फेन्स अडीच फुटी, म्हणजे अडीच सूत जास्त. मशीनवर घासायच्या बाजूला तीन मिलिमीटर वेगळे. वाळूतून अलगद निघावा म्हणून कडांना किंचित उतार, कोपऱ्यांत गोलाई, कारण तीक्ष्ण कोपऱ्यापाशी बीड तडकतं. काकांकडे फुटाला एक सूत जास्त असलेली खास पट्टी होती, खुणा नेहमीच्याच, फक्त प्रत्येक जरा ताणलेली. ती त्यांनी मला वापरायला दिली. सागवान मी त्याच मशीनवर काढलं, त्या मशीनच्या फेन्ससाठी. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. प्रत्येक कड झाली की हात पुढे करायचे, अंगठा फिरवायचे आणि परत द्यायचे.

कास्टिंग जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. अंगाला वाळू चिकटलेली, काळपट, हातात घेतल्यावर वाटतं त्याहून जड. माझ्या पॅटर्नमध्ये पटाशी एके ठिकाणी घसरली होती, तो ओरखडासुद्धा बिडात जसाच्या तसा उतरला होता. मी लगेच मिलिंगला न्यायला निघाले.

"कुठे चाललीस?" बाबा म्हणाले. "लांब आणि सडपातळ आहे. दिवाळीपर्यंत पडू दे."

त्यामुळे सकाळी मी खाली जाऊन टेबल कोरडं करते आणि मग वर गच्चीवर चक्कर मारते. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी दोन विटांवर फेन्स ठेवली आहे, उघड्यावर. काल रात्रभर कोसळला. ती आता सगळीकडून सारखी तांबडी झाली आहे.